समुपदेशनाची प्रॅक्टिस सांभाळून विद्यापीठात शिकवायला जाताना

हा लेख स्वतःची प्रॅक्टिस चालू असलेल्या समुपदेशकांसाठी आहे. एखाद्या विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागाने एम.ए.च्या समुपदेशन अभ्यासक्रमात शिकवायला बोलावलं असेल, तर होकार देण्यापासून सेमिस्टर संपेपर्यंत काय काय करावं लागतं, ते यात आहे.

आधी कामाचं स्वरूप पाहू. पन्नास मिनिटांच्या सेशनमध्ये तुम्ही कितीतरी निर्णय घेता: इथे गप्प राहायचं, इथे विचारायचं, 'राग' हा शब्द आत्ता उच्चारायचा नाही, रडू आलं तरी पाण्याचा ग्लास लगेच पुढे करायचा नाही. हे निर्णय इतके अंगवळणी पडलेले असतात की ते तुमचे तुम्हालाही जाणवत नाहीत. विद्यार्थ्याला तर शेवटी तोंडातून निघालेलं वाक्यच फक्त ऐकू येतं. त्या वाक्यामागचा निर्णय उघड करून दाखवायचा, तो विद्यार्थ्याकडून नजरेखाली करून घ्यायचा आणि हे सगळं चालू असताना खऱ्या क्लायंटला धक्का लागू द्यायचा नाही, हे तुमचं काम. सिद्धांत शिकवणारे प्राध्यापक विभागात असतात. तुम्हाला बोलावतात ते यासाठी.

होकार देण्याआधी

प्रॅक्टिस करणारी बहुतेक मंडळी तासिका तत्त्वावर किंवा अभ्यागत म्हणून येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हा तिसरा मार्ग खुला केला. त्यासाठी आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पीएच.डी. किंवा नेट-सेटची अट नसते, आणि अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच करता येतात. मुदत जास्तीत जास्त चार वर्षं. ज्यांचा अनुभव मोठा आहे त्यांनी विभागाला याबद्दल जरूर विचारावं.

मग अभ्यासक्रम मागवून घ्या आणि तास मोजा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे चार क्रेडिटचा थिअरी पेपर आणि दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक, दोन्ही साठ-साठ तासांचे. कागदावर हे सरळ दिसतं, पण सेशनच्या रेकॉर्डिंग ऐकण्याचा वेळ यात कुठेच धरलेला नसतो. दहा मिनिटांचा तुकडा नीट ऐकायचा, थांबवून टिपणं काढायची आणि अभिप्राय लिहायचा म्हटलं तर चाळीस मिनिटं जातात. दर आठवड्याला आठ विद्यार्थ्यांचे तुकडे आले, की पाच तास वीस मिनिटं झाली. नव्या शिक्षकांचं गणित सगळ्यात जास्त इथेच कोसळतं: पहिल्या महिन्यात मन लावून ऐकलं जातं, दुसऱ्या महिन्यात 'छान, पुढे चालू ठेवा' असा एका ओळीचा अभिप्राय जातो, तिसऱ्यात ऐकणंच थांबतं.

म्हणून होकार देण्याआधी या गोष्टी ईमेलवर लेखी घ्या. सुपरव्हिजनचे, म्हणजे विद्यार्थ्याने क्लायंटसोबत केलेलं काम ऐकून त्याला मार्गदर्शन करण्याचे तास मानधनात धरले आहेत का? तुमच्याकडे किती विद्यार्थी असतील? वैयक्तिक सुपरव्हिजनसाठी सहा ते आठ ही मर्यादा आहे. त्यापुढे काम उरकलं जातं. अंतर्गत गुणांपैकी किती तुमच्या हातात आहेत? फील्डवर्कच्या जागा कोण ठरवणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शनिवारी संध्याकाळी एखाद्या विद्यार्थ्यासमोर आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा क्लायंट बसला असेल तर त्याने फोन कुणाला करायचा? 'बघू, तशी वेळ येणार नाही' असं उत्तर मिळालं, तर ती व्यवस्था उभी राहीपर्यंत प्रात्यक्षिकाचा पेपर घेऊ नका. थिअरीचा घ्या.

प्रत्यक्ष क्लायंटसोबतच्या तासांचे आकडे विद्यापीठागणिक बदलतात. तुलनेसाठी अमेरिकेतल्या काक्रेप या समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं माप माहीत असू द्या: आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम (देखरेखीखालचा सुरुवातीचा सराव), त्यातले किमान ४० प्रत्यक्ष क्लायंटसोबत, आणि नंतर ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले किमान २४० प्रत्यक्ष. आपल्याकडे फील्डवर्कचे तास भरलेले दिसतात, पण त्यात पोस्टर बनवणं, शाळेत व्याख्यान देणं, चाचण्यांचे गुण काढणं हेही मोजलेलं असतं. क्लायंटसमोर बसलेले तास वेगळे लिहायला लावा. निदान चित्र तरी खरं राहील.

क्लिनिकच्या वेळापत्रकात विद्यापीठाचा एक वार कायमचा ठरवून टाका आणि त्या वाराच्या क्लायंटना महिनाभर आधी सांगा. वर्गाच्या लगेच आधी अवघड सेशन ठेवू नका. मन अजून तिकडेच असताना वर्गात त्या क्लायंटचं उदाहरण नकळत तोंडून निघतं.

विद्यार्थी आणि क्लायंट, या दोन खुर्च्या वेगळ्या ठेवा

तुम्ही समुपदेशक आहात म्हणून विद्यार्थी तुमच्याकडे स्वतःचे प्रश्न घेऊन येणारच. तास संपल्यावर, जिन्यात, रात्री मेसेजवर. त्या वेळी वीस मिनिटं माणूस म्हणून जरूर ऐका, पण ते सेशन होऊ देऊ नका. ज्याला गुण द्यायचे आहेत त्याची थेरपी करता येत नाही. तो मोकळेपणी बोलू शकणार नाही आणि तुम्हाला मोकळ्या मनाने गुण देता येणार नाहीत. त्यासाठी सेमिस्टर सुरू होण्याआधीच विद्यापीठाशी संबंध नसलेल्या तीन-चार समुपदेशकांची यादी तयार ठेवा, त्यातले दोघं तरी कमी शुल्कात पाहणारे असावेत. यादी पहिल्याच तासाला सगळ्यांना द्या. म्हणजे कुणाला वेगळं बोलावून देण्याचा अवघडलेपणा येत नाही.

उलटही घडतं: तुमचा जुना क्लायंट प्रवेश घेऊन समोरच्या बाकावर बसलेला दिसतो. वर्गात ओळख दाखवू नका. त्याच्याशी एकट्याने बोला, त्याची परवानगी घ्या आणि विभागप्रमुखांना फक्त एवढंच कळवा की हितसंबंधाच्या कारणामुळे या विद्यार्थ्याची सुपरव्हिजन आणि गुण दुसऱ्या शिक्षकांकडे जावेत. कारणाचा तपशील देऊ नका.

वर्गातल्या अनुभवात्मक कृतींबद्दलही काळजी घ्या. जीवनरेषा काढा, कुटुंबाचा जीनोग्राम (पिढ्या आणि नाती दाखवणारा आराखडा) काढा अशा कृती उपयोगी आहेत, पण त्यांना गुण लावले की विद्यार्थी चांगल्या गुणांसाठी स्वतःचं दुःख उघडं करू लागतात. गुण कृतीवर लिहिलेल्या टिपणाला द्या, उघड केलेल्या गोष्टीला नको. आणि विद्यार्थ्यांना तुमच्या क्लिनिकमध्ये बिनपगारी कामाला लावू नका. तिथे नाही म्हणण्याचं स्वातंत्र्य त्यांना नसतं.

पहिले पाच-सहा आठवडे: एका वेळी एकच कौशल्य

अ‍ॅलन आयव्ही आणि सहकाऱ्यांनी १९६८ च्या सुमारास मायक्रोकाउन्सेलिंगची रीत मांडली: समुपदेशनाचे छोटे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा पाहून, करून, पुन्हा पाहून पक्का करायचा. ही रीत आजही सगळ्यात जास्त हाताशी येते. क्रम साधारण असा ठेवा: लक्षपूर्वक ऐकणं आणि बसण्याची पद्धत, खुले प्रश्न, आशय परत मांडणं, भावना ओळखून बोलून दाखवणं, शांतता पेलणं, सारांश. आव्हान देणं, अर्थ लावणं वगैरे पहिल्या सेमिस्टरच्या उत्तरार्धात.

दोन तासांचा वर्ग असेल तर वेळ अशी वाटा. पंधरा मिनिटं कौशल्य समजावण्यात. दहा मिनिटं तुम्ही स्वतः करून दाखवा, एखाद्या सहकाऱ्यासोबत किंवा तयार विद्यार्थ्यासोबत. मग तिघातिघांचे गट: एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. एका फेरीला वीस मिनिटं, त्यात आठ मिनिटं संवाद, दोन मिनिटं गप्प राहून टिपणं, दहा मिनिटं अभिप्राय. तीन फेऱ्यांत प्रत्येकजण तिन्ही भूमिकांतून जातो. त्यानंतर पंचवीस मिनिटं सगळ्या वर्गाची चर्चा आणि शेवटची दहा मिनिटं स्वतःपुरतं लिहायला. तीस विद्यार्थी म्हणजे दहा गट. एका खोलीत दहा गट बोलू लागले की कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून दुसरी खोली आधीच मागून ठेवा.

करून दाखवतानाच तुमचा खरा उपयोग होतो. चार मिनिटांनी मध्येच थांबा आणि मोठ्याने विचार करा: 'त्या म्हणाल्या, सासूबाई सगळं बघतात. इथे तीन वाटा होत्या. सासूबाईंबद्दल विचारता आलं असतं. "सगळं" म्हणजे काय ते विचारता आलं असतं. मी गप्प राहायचं ठरवलं, कारण वाक्य संपताना त्यांचा आवाज खाली गेला आणि मला वाटलं अजून काहीतरी यायचं आहे.' न घेतलेल्या दोन वाटाही सांगितल्या, की विद्यार्थ्याला निर्णय दिसतो. कधी तुमचा अंदाज चुकेल आणि क्लायंटची भूमिका करणारी व्यक्ती म्हणेल, 'मला तेव्हा फक्त ऑफिसची वेळ आठवत होती.' ते झाकू नका. अंदाज कसा तपासायचा याचा त्याहून चांगला धडा नाही.

निरीक्षकाच्या हातात नुसती कोरी वही देऊ नका. त्याला मोजायला लावा: खुले प्रश्न किती, बंद प्रश्न किती, सल्ले किती, भावना किती वेळा बोलून दाखवली, पाच सेकंदांहून मोठी शांतता किती वेळा. शिवाय समुपदेशकाची दोन वाक्यं जशीच्या तशी लिहायला सांगा. अभिप्रायाचा क्रमही ठरलेला असावा: आधी समुपदेशक स्वतः, मग क्लायंटची भूमिका करणारा, शेवटी निरीक्षक. निरीक्षक आधी बोलला की समुपदेशक बचाव करू लागतो.

या फेऱ्यांमध्ये बिघडतं ते असं. क्लायंटची भूमिका करणारा मालिकेसारखं नाट्य उभं करतो. त्याला सांगा की स्वतःचा खरा, पण दहापैकी दोन-तीन तीव्रतेचा प्रश्न आणायचा: प्रोजेक्ट रखडलाय, घरमालक त्रास देतो. अलीकडचा मृत्यू, अत्याचार, ब्रेकअप वर्गात आणायचं नाही. समुपदेशक होणारा प्रश्नांची फैर झाडतो, कारण गप्प बसलं तर आपल्याला काही येत नाही असं दिसेल याची त्याला भीती असते. उपाय म्हणून एक फेरी प्रश्नचिन्हाशिवाय करायला लावा: आठ मिनिटांत एकही प्रश्न विचारायचा नाही. पहिली दोन मिनिटं अवघड जातात, नंतर ऐकणं सुरू होतं. तिसरी अडचण म्हणजे पोपटपंची. क्लायंट म्हणतो 'मला कंटाळा आलाय', विद्यार्थी म्हणतो 'तुम्हाला कंटाळा आलाय.' त्याला विचारा की कंटाळा कशाचा आणि त्याखाली काय ऐकू आलं. आणि चौथी, सगळ्यात चिवट: 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल.' हा दिलासा आपल्या घराघरांत इतका मुरलेला आहे की तो वाईट आहे असं सांगून जात नाही. क्लायंटच्या भूमिकेतल्या विद्यार्थ्याला विचारा की हे ऐकल्यावर पुढे बोलावंसं वाटलं का. उत्तर ऐकून वर्ग आपोआप शिकतो.

शिकणं इंग्रजीत, सेशन मराठीत

महाराष्ट्रातल्या बहुतेक अभ्यासक्रमांची पुस्तकं इंग्रजी आहेत आणि फील्डवर्कला येणारे क्लायंट मराठी, हिंदी किंवा आपल्या बोलीत बोलतात. इंग्रजीत रोल प्ले उत्तम करणारा विद्यार्थी पालिकेच्या शाळेत गेला की 'तुम्हाला असं वाटतंय का की तुम्ही दुःखी आहात?' असं पुस्तकी बोलू लागतो. तिसऱ्या आठवड्यापासून निम्मे रोल प्ले मराठीत घ्या. नेमकं वाक्य फळ्यावर लिहून घडवा: 'मुलगा बोलत नाही याचं वाईट वाटतंच, पण चार लोकांना कळेल याची लाज जास्त छळतेय.' अविवेकी विचार बदलण्यावर भर देणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत मांडली आहे, मानसोपचारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी यांनी मनाच्या विषयांवर मराठीत भरपूर लिहिलं आणि बोललं आहे. विद्यार्थ्यांना ते वाचायला आणि ऐकायला सांगा, म्हणजे साधे शब्द हाताशी येतात.

संबोधनाचा प्रश्न याहून अवघड. तेवीस वर्षांची विद्यार्थिनी पन्नाशीच्या बाईंना सहज 'काकू' किंवा 'मावशी' म्हणते. जवळीक लगेच होते, पण नातंही येतं. मग मावशी डबा आणते, लग्नाचं विचारते, आणि नवऱ्याबरोबरच्या शरीरसंबंधांबद्दल मात्र 'पोरीपुढे कसं बोलायचं' म्हणून गप्प राहते. आमचं मत असं: प्रौढांना 'तुम्ही', हाक मारायची झाली तर नाव आणि पुढे 'ताई' किंवा 'दादा', आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना पहिल्याच सेशनमध्ये विचारून 'तू'. क्लायंट विद्यार्थ्याला 'मॅडम' म्हणतोय की 'बाळा', हेही सुपरव्हिजनमध्ये नोंदवायला लावा. नातं कुठल्या दिशेने चाललंय ते त्यातून कळतं.

क्लायंट भावना शरीराच्या भाषेत सांगतात: डोकं बधिर झालंय, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो. विद्यार्थी हे ऐकून थेट डॉक्टरकडे पाठवतो किंवा दुर्लक्ष करतो. दोन्ही तपासायचं असतं: शारीरिक तपासणी झाली का, आणि हे केव्हा, कुणासमोर होतं. 'जीव नकोसा झालाय' हे वाक्य मात्र कधीही सोडून द्यायचं नाही. अनेकदा ते वैतागाने म्हटलेलं असतं, तरी विचारायचं, आणि सरळ विचारायचं: 'जीव नकोसा झालाय म्हणता, तेव्हा स्वतःला संपवून टाकावं असा विचार मनात येतो का?' हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याकडून मोठ्याने, जोडीदाराच्या डोळ्यांत बघून, किमान पाच वेळा म्हणून घ्या. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. वाक्य जिभेवर नसेल, तर ऐन वेळी विद्यार्थी विषय बदलतो.

स्वतःच्या केसेस वर्गात सांगताना

तुमच्या अनुभवाची उदाहरणं हवीतच, पण मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयता हा हक्क मानला आहे, आणि कायदा नसता तरी ती पाळायलाच हवी होती. चालू केस वर्गात कधीही आणू नका. संपलेली केस आणायची तर लेखी संमती घ्या, किंवा तीन-चार केसेस मिसळून एक नवी तयार करा.

नाव बदलणं पुरत नाही. 'साताऱ्याजवळच्या गावातली शिक्षिका, नवरा एसटीत, मुलगा मेडिकलला' एवढ्यावर वर्गातलं कुणीतरी ओळखतंच. आपली आडनावं, गावं आणि नोकऱ्या माणसाला लगेच उघडं पाडतात. बदलताना स्वतःला विचारा की या तपशिलाचा त्रासाशी कार्यकारण संबंध आहे का. नसेल तर बदला: गाव, व्यवसाय, भावंडांची संख्या, वर्ष. असेल तर ठेवा. जातीमुळे वसतिगृहात छळ झालेल्या मुलीच्या केसमधून जात काढून टाकली, तर उरतो तो फक्त 'समायोजनाचा प्रश्न', आणि विद्यार्थी चुकीचं शिकतो.

रेकॉर्डिंग आणि सुपरव्हिजन

विद्यार्थी सांगतो ते सेशन आणि प्रत्यक्ष झालेलं सेशन यांत मोठं अंतर असतं. तो खोटं बोलतो असं नाही. गोंधळाच्या क्षणी काय झालं ते त्याला आठवतच नाही. म्हणून ध्वनिमुद्रण.

संमतीपत्र क्लायंटच्या भाषेत, एका पानाचं, वाचून दाखवायचं. त्यात चार गोष्टी हव्यात: कोण ऐकणार, किती दिवस ठेवणार, केव्हाही बंद करायला सांगता येईल, आणि नकार दिला तरी सेवा तीच मिळेल. अठराखालील असेल तर पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही. विद्यार्थ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्डिंग पाठवायचं नाही. ते दोघांच्याही फोनमध्ये साठतं, बॅकअपमध्ये जातं आणि घरातला कुणीही ते ऐकू शकतो. विभागाचा एक साधा रेकॉर्डर आणि पासवर्ड घातलेला संगणक पुरतो. फाइलच्या नावात क्लायंटचं नाव नको, सांकेतिक क्रमांक हवा. पुसण्याची तारीख रेकॉर्ड करतानाच वहीत लिहा.

विद्यार्थ्याने सगळं सेशन आणू नये. दहा मिनिटांचा तुकडा त्यानेच निवडावा, त्याची संहिता, म्हणजे दोघं जे बोलले ते शब्दशः, मूळ भाषेत लिहावी, आणि सोबत एक प्रश्न आणावा. 'कसं झालं?' हा प्रश्न स्वीकारू नका. 'ती रडायला लागल्यावर मी विषय का बदलला?' हा चालेल. दर तिसऱ्या वेळी तुकडा तुम्ही निवडा, कारण विद्यार्थी चांगलाच भाग आणतात.

पन्नास मिनिटांची वैयक्तिक सुपरव्हिजन अशी चालवा. पहिली पाच मिनिटं त्याच्याकडच्या सगळ्या क्लायंटची यादी: कुणाला धोका आहे का, कोण आलं नाही. पाच मिनिटं त्याचा प्रश्न. दहा मिनिटं तुकडा न थांबवता ऐकणं. पंधरा मिनिटं पुन्हा ऐकणं, या वेळी थांबवत. पुढची दहा या क्लायंटची मांडणी: त्रास कशामुळे सुरू झाला, कशामुळे टिकून आहे. शेवटची पाच पुढच्या सेशनला करून बघायची एकच गोष्ट. यादी पहिली ठेवण्याचं कारण असं की शेवटी ठेवली तर दाराशी उभं राहून विद्यार्थी सांगतो, 'एका मुलीने हात कापून घेतलाय', आणि पुढचा विद्यार्थी बाहेर थांबलेला असतो.

थांबवत ऐकण्याची रीत नॉर्मन केगन यांची, १९६० च्या दशकात मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत विकसित झालेली. थांबवण्याचं बटण विद्यार्थ्याच्या हातात द्या आणि फक्त विचारा: इथे मनात काय चाललं होतं? काय म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही? क्लायंट तुमच्याबद्दल काय विचार करत असेल असं वाटलं? उत्तरं सुचवू नका. अनुभवी समुपदेशकाला हे जड जातं, कारण चूक ऐकताक्षणी उपाय ओठांवर येतो.

जॅनिन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये सुपरवायझरच्या तीन भूमिका सांगितल्या: शिक्षक, समुपदेशक आणि सल्लागार. नवख्याला शिक्षक हवा असतो: हे असं करा. तिसऱ्या सेमिस्टरच्या विद्यार्थ्याला सल्लागार: तुम्हाला काय वाटतं? नवख्याशी सल्लागारासारखं वागलात तर तो घाबरतो. प्रॅक्टिसमधून आलेली माणसं सवयीने समुपदेशकाच्या भूमिकेत जास्त रेंगाळतात आणि सुपरव्हिजनची थेरपी होऊन जाते. विद्यार्थ्याच्या वैयक्तिक गोष्टीला हात घालायचा तो फक्त ती या क्लायंटच्या कामात आडवी येत असेल तेवढाच. पुढचं त्या यादीतल्या समुपदेशकांकडे.

फील्डवर्कची जागा

शाळा, रुग्णालयं, स्वयंसेवी संस्था, पोलिस ठाण्यांतले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणजे टिसने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला उपक्रम) अशा जागा मिळतात. विद्यार्थी पाठवण्याआधी स्वतः जाऊन या. दार लागतं अशी खोली आहे का? तिथला जबाबदार माणूस कोण? शाळा अनेकदा स्टाफरूमचा कोपरा देते आणि तिथे मुलं काही बोलत नाहीत. मुख्याध्यापकांशी आधीच लेखी ठरवा की मुलाने काय सांगितलं ते विचारायचं नाही. शाळेला एवढंच कळेल की मूल येतंय, आणि धोका असेल तर तो. हे आधी ठरलं नाही, तर पहिल्याच आठवड्यात तेवीस वर्षांचा विद्यार्थी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर एकटा उभा असतो आणि सगळं सांगून बसतो.

मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ वर अख्खा एक तास द्या. कलम १९ नुसार अठराखालील व्यक्तीवर लैंगिक अपराध झाल्याचं कळलं तर विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं कोणत्याही व्यक्तीला बंधनकारक आहे. प्रशिक्षणार्थीला सूट नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. अकरावी-बारावीतल्या मुलामुलींचे संमतीचे शरीरसंबंधही या कायद्याच्या कक्षेत येतात, आणि ज्युनिअर कॉलेजमध्ये काम करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा पेच हमखास येतो. म्हणून गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्या सेशनच्या पहिल्या पाच मिनिटांत, मुलाला कळेल अशा शब्दांत सांगायला शिकवा. मुलाने विश्वासाने सांगून टाकल्यावर मर्यादा सांगणं म्हणजे त्याला फसवणं.

संकटाचा क्रम एका कार्डावर छापून प्रत्येकाच्या खिशात द्या. क्लायंटला एकटं सोडायचं नाही. तिथल्या जबाबदार व्यक्तीला बोलवायचं. सुपरवायझरला फोन, तो लागला नाही तर दुसरा ठरलेला क्रमांक. घरच्यांपैकी क्लायंटला चालेल अशा माणसाला बोलावणं. गरज असेल तर जवळच्या रुग्णालयात, सोबत कुणीतरी जाऊन. कार्डावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हे क्रमांक हवेत. त्याच दिवशी लेखी नोंद. विद्यार्थ्यांना 'पोलिस केस होईल' ही भीती असते. त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. आणि ज्याच्या आत्महत्येचा धोका आधीच माहीत आहे असा क्लायंट प्रशिक्षणार्थीला एकट्याने द्यायचा नाही, मग तो विद्यार्थी कितीही हुशार असो.

गुण, आणि कधीकधी 'अजून नाही'

सेशन किती छान झालं याला गुण देऊ नका. चांगला क्लायंट मिळणं नशिबाचं असतं. विद्यार्थ्याने स्वतःचं काम कसं वाचलं याला द्या. पन्नास गुणांची एक वाटणी: संहितेसह दोन रेकॉर्डिंग आणि त्यांवरचं टिपण २०, केसची मांडणी १५, वेळेवर आणि नेमक्या लिहिलेल्या नोंदी ५, व्यावसायिक वागणूक १०. कशाला किती गुण ते पहिल्याच आठवड्यात सांगा.

लेखी परीक्षेत पहिला येणारा विद्यार्थी क्लायंटसाठी असुरक्षित असू शकतो. हात थरथरणं, शब्द न सुचणं ही असुरक्षितता नाही. ती सहा महिन्यांत जाते. काळजीची चिन्हं वेगळी: न झालेल्या सेशनची नोंद लिहिणं, क्लायंटला परस्पर फोन आणि भेटी, नवऱ्याकडे परत जाण्याचा दबाव आणणं, अभिप्राय ऐकूनही तेच चालू ठेवणं. असं दिसलं की त्याच आठवड्यात एकट्याने बोला. 'तुमची वृत्ती बरोबर नाही' असं म्हणू नका; तारीख आणि घडलेली गोष्ट सांगा. लेखी द्या, त्याचं म्हणणंही लेखी घ्या, सहा आठवड्यांची सुधारणेची योजना करा, प्रत विभागप्रमुखांना. तोवर त्याला क्लायंट नाहीत, फक्त रोल प्ले. शेवटचं मूल्यमापन दुसऱ्या शिक्षकाकडूनही करून घ्या. बहुतेक शिक्षक संकोचाने सेमिस्टरभर गप्प राहतात आणि शेवटी एकदम कमी गुण देतात. मग विद्यार्थी तक्रार करतो, कागद काहीच नसतो आणि तो पास होऊन क्लायंट बघू लागतो.

पदवीनंतर स्वतःला काय म्हणवायचं, हेही तुम्हीच सांगा. नुसतं हे समुपदेशनाचं एम.ए. करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्याने वर्तनविषयक आरोग्याचं काम करणाऱ्या काही व्यवसायांनाही आपल्या कक्षेत घेतलं आहे, तेव्हा नोंदणीच्या सूचनांवर लक्ष ठेवायला सांगा.

सेमिस्टर संपताना

परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थी फील्डवर्कला जाणं थांबवतात आणि क्लायंट पुढच्या मंगळवारी येऊन रिकाम्या खोलीसमोर बसतो. ज्याला आधीच कुणीतरी सोडून गेलंय, त्याच्यासाठी हे फार वाईट. म्हणून पहिल्याच सेशनमध्ये सांगायला लावा: 'मी मार्चअखेरपर्यंत इथे आहे.' शेवटच्या चार सेशनपासून उरलेल्या भेटी मोजून सांगायच्या. काम अपुरं असेल तर पुढच्या समुपदेशकाची ओळख समोरासमोर करून द्यायची, फक्त फोन नंबर देऊन नाही. हस्तांतराचं टिपण अर्ध्या पानाचं: काय काम झालं, काय राहिलं, कशाने त्रास वाढतो, धोका आहे का. क्लायंटने भेट आणली तर काय करायचं तेही आधी बोलून ठेवा. मुलाने काढलेलं चित्र घ्यावं, साडी किंवा पैशांचं पाकीट घेऊ नये.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर बसून रेकॉर्डिंगच्या वहीतली एकेक ओळ तपासा, फाइल पुसा, सही करा. मूळ नोंदी संस्थेकडे राहतील, विद्यार्थ्याच्या घरी नाही. शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना कुणीच नसतं. ज्या मुलांबद्दल काळजी वाटते त्यांची नावं, वर्गशिक्षकांशी बोलून, शाळेतल्या एका ठरलेल्या व्यक्तीकडे द्या, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना कोण भेटणार ते आत्ताच लिहून ठेवा.